पेवातला कंदील

"साहेब, तुम्ही येऊन गेलात त्याला महिना होत आला. नेमूकाकांनी त्या दिवशी पेवात कंदील सोडला होता की नव्हता, एवढंच कळवा. एक ओळ पुरे. – त्रिशला मगदूम."

हे पोस्टकार्ड आलं तेव्हा मी दारातच उभा होतो. पोस्टमन म्हणाला, "फौजदारसाहेब, कुणाचा कंदील हो?"

"आहे एकाचा," मी म्हणालो आणि आत गेलो. कपाटातून एक कोरं कार्ड काढलं, त्यावर तिचा पत्ता लिहिला. पुढची ओळ काही लिहिता आली नाही. तिचं कार्ड आणि माझं कार्ड, दोन्ही मी शब्दकोशात ठेवून दिली. माझ्या घरात त्या पुस्तकाला दुसरं कुणी हात लावणार नव्हतं.

मी पोलीस खात्यात फौजदार होतो, हे सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. माझा आवाज चढत नसे. आरोपीला "बसा" म्हणायचो. आमचे हवालदार लाड मला तोंडावर म्हणायचे, "साहेब, तुम्ही शाळेत जायचं ते चुकून ठाण्यात आलाय." निवृत्त झालो आणि सांगलीत वाचनालयाच्या जवळ घर घेतलं. तिथंच त्रिशलाची ओळख झाली. ती कॉलेजात होती, बसने येऊन-जाऊन करायची. मी परत केलेलं पुस्तक ती न्यायची आणि तिनं परत केलेलं मी. आठ-दहा वाक्यांपलीकडे आमचं बोलणं झालं नसेल. मी पूर्वी फौजदार होतो हे तिला कुणीतरी सांगितलं असावं.

एक दिवस तिनं टेबलावर पुस्तक ठेवलं आणि उभी राहिली.

"साहेब, एक विचारू? तुम्ही आता पोलीस नाही ना?"

"नाही."

"म्हणूनच विचारते. माझे बाबा आणि दादा पेवात गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. सगळं गाव म्हणतं, काकांनी मारलं. माघात माझं लग्न आहे. काका मांडवात येणार म्हणतात. मला त्यांच्या पाया पडायचं की नाही, ते ठरवायचं आहे."

आमच्या भागात हळद जमिनीच्या पोटात ठेवायची जुनी रीत आहे. नदीकाठच्या घट्ट मातीत खड्डा खणतात. तोंड एक माणूस उतरेल एवढंच आणि पोट खोलीएवढं. त्यात हळद भरायची, तोंडावर पाचट टाकायचं आणि वर मातीनं लिंपायचं. याला पेव म्हणतात. आत हळद वर्षानुवर्षं टिकते, पण हवा विषारी होते. म्हणून पेव उघडलं की तसंच मोकळं ठेवतात आणि मग दोरीनं कंदील आत सोडतात. कंदील विझला तर उतरायचं नाही. जळत राहिला तर उतरायचं. तोंडाशी बसून कंदील सोडणाऱ्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव असतो.

त्या श्रावणात नदी चढत होती. पेवाच्या तळाशी थोडी हळद उरली होती, ती पाणी झिरपायच्या आत काढायची होती. त्रिशलाचे वडील बाळगोंडा आणि धाकटा चुलता नेमगोंडा, दोघांनी पेव उघडलं. कंदील नेमगोंडानं सोडला. उतर म्हणाला. बाळगोंडा उतरले ते वर आलेच नाहीत. त्यांना काढायला मोठा मुलगा शीतल उतरला. तोही राहिला. नेमगोंडा उतरायला लागला तेव्हा लोकांनी त्याला धरून ठेवलं. मग कुणीतरी शेजारच्या घरून दुसरा कंदील आणून आत सोडला. तो तळाशी पोचताच विझला.

भावाभावांत तेव्हा वाटणीवरून धुसफूस होती. लोकांना आणखी काय लागतं? नेमगोंडानं कंदील सोडलाच नाही, असं ठरून गेलं.

मी लाडांना गाठलं. त्यांनी कुठून तरी जुने कागद मिळवले.

"काय उकरताय साहेब? अकस्मात मृत्यू म्हणून कधीच मिटलंय," ते म्हणाले. "निवृत्तीनंतर अंगात पोलीस आला होय?"

कागदात नेमगोंडाचे दोन जबाब होते. पहिला अपघाताच्या दुपारचा: "चिंधी तोंडाला लागेपर्यंत कंदील सोडला. ज्योत जळत होती." दुसरा दुसऱ्या दिवशीचा: "कंदील सोडल्याचे नक्की आठवत नाही. सोडला नसेल."

"हे बघा लाड," मी म्हणालो, "खोटं बोलणारा माणूस आधी 'आठवत नाही' म्हणतो आणि मग त्याला हळूहळू सगळं आठवू लागतं. ह्याचं उलटं कसं झालं?"

लाडांनी कागद जवळ ओढला. "ही चिंधी काय भानगड आहे?" त्यांनी विचारलं. मला तेही माहीत नव्हतं.

एका रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. बसमधून उतरलो तर त्रिशला थांब्यावर उभी होती. घर समोरच होतं. दारात तिची आई रत्नाबाई दिसत होत्या. पण त्रिशला मला आधी परसात घेऊन गेली. तिथं चिंचेचं मोठं झाड होतं.

"इथं मी झोका बांधला होता. त्या वर्षीच्या पंचमीला."

"कुणी बांधून दिला?"

"मीच. बाबा बाजाराला गेले होते. दादा म्हणाला, वेळ नाही. ती बघा, अजून आहे."

वर फांदीवर दोरीचा वेढा होता. फांदी त्यानंतर जाड झाली होती आणि सालीनं दोरी अर्धीअधिक गिळून टाकली होती. उरलेल्या वेढ्यात अंबाडीच्या पदरांत एक काळा पदर दिसत होता.

"त्यानंतर नाही बसले कधी झोक्यावर," ती म्हणाली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, ती वडिलांची आठवण सांगते आहे. मी "अरेरे" असं काहीतरी म्हणालो आणि आम्ही घरात गेलो.

रत्नाबाईंनी गाळलेलं पाणी दिलं, चहा टाकला. लग्नाच्या साड्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या.

"इचारा काय इचारायचं ते," त्या म्हणाल्या. "पर मी सांगून ठेवते, त्यो माणूस माझ्या मांडवात पाऊल ठेवणार न्हाई."

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही तिथं होता?"

"मी सैपाकात हुते. आरडाओरडा झाला तवा पळत गेले." त्यांनी चहा गाळता गाळता हात थांबवला. "त्येच्यानंतर त्यो एकदा दारात आला हुता. मी म्हटलं, कंदील सोडलावता का न्हाई, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांग. हिला पुढं केली. त्येनं हात लावला न्हाई. मान खाली घालून गेला. अजून काय पायजे?"

त्रिशला साड्यांकडे बघत होती.

"ही चिंधी म्हणजे काय?" मी विचारलं.

"कंदिलाच्या दोरीला बांधत्यात. आमच्या सासऱ्यांनी स्वतः वळलेली दोरी. कुजू नये म्हणून शेळीच्या काळ्या केसाचा एक पदर घालायचे. चिंधी पेवाच्या तोंडाला लागली की कंदील तळाजवळ गेला. हळदीला टेकू द्यायचा न्हाई, लवंडतो."

मी ओठाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला. रत्नाबाईंना वाटलं चहा गरम आहे. त्यांनी बशी पुढे केली.

नेमगोंडा गावाबाहेर मळ्यातल्या खोलीत एकटेच राहत होते. लग्न केलं नव्हतं. पोचलो तेव्हा ते जनावरांना वैरण घालत होते. पन्नाशीचा, रुंद हाडाचा माणूस.

"जय जिनेंद्र. त्रिशलीनं धाडलंय न्हवं?" त्यांनी विचारलं. "लाडांनी सांगितलं मला, कोण तरी कागद बघतंय म्हणून. या, बसा की."

मी खाटेवर बसलो. काय विचारावं ते मी बसमध्ये वहीत लिहून आणलं होतं. वही खिशातून काढायची लाज वाटली. समोर खुंटीला एक कंदील टांगलेला होता. काच तडकलेली, पण पुसलेली. त्याच्या कडीला दोरी होती, तिचं वेटोळं खुंटीवर अडकवलं होतं. दोरीत काळा पदर होता.

मी कंदिलाकडे बघत राहिलो. ते माझ्याकडे.

"काय बघतासा?"

"गाठ," मी म्हणालो.

कडीला दोरी बांधली होती ती फुलाच्या गाठीनं. दोन कान वर, दोन टोकं खाली. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या वेणीला रिबीन बांधतात तशी.

नेमगोंडांनी हातातली वैरण खाली ठेवली. उठून दार लोटून घेतलं. दुपार होती, दाराच्या फटीतून उजेडाची रेघ खाटेपर्यंत येत होती.

"बारा वर्सं ह्यो कंदील हितं हाय," ते म्हणाले. "येणारा-जाणारा बघतोय. आजपत्तुर कुणी गाठ बघितली न्हाई."

"तुम्ही कंदील सोडला होता."

"सोडला हुता. चिंधी तोंडाला लागंपत्तुर सोडला. ज्योत कशी, सरळ. बाळूदादाला म्हटलं, उतर." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "एरवी दादाच सोडायचा. त्येला हातानंच कळायचं किती वाव दोरी गेली ते. मला न्हाई कळलं. पाणी चढत हुतं, गडबड हुती. मी चिंधी बघितली."

"कधी लक्षात आलं?"

"दोघास्नी अग्नी देऊन आलो. कंदील परसात पडला हुता, उचलला. बघतोय तर ही गाठ. आमच्यात पुरुषमाणूस अशी गाठ मारत न्हाई. मग दोरी मोजली. चिंधीच्या खालची अर्धीच शिल्लक. वर मान केली तर चिंचंला झोका."

ते अर्धं पेव मला तेव्हा डोळ्यांपुढे दिसलं. वरच्या चांगल्या हवेत लोंबकळणारा कंदील, सरळ जळणारी ज्योत आणि तिच्याखाली तेवढाच अंधार.

"ती कंदील परत बांधून जाग्यावर ठेवून गेली हुती बघा," नेमगोंडा म्हणाले. "सुटाच टाकला असता तर आमाला दिसलं असतं. गुणाची पोर. घेतल्याली वस्तू जागच्या जागी ठेवायची."



"म्हणून जबाब बदलला."

"बदलला. न्हाईतर फौजदार इचारणार, कंदील सोडला आन् जळत हुता, तर माणसं मेली कशी? दोरी आणा बघू. मग दोरी कुणी कापली? नऊ वर्साचं लेकरू म्हणणार, मी. घरातली दोन माणसं नुकती गेल्याली."

"वहिनींना तरी सांगायचं."

"वैनीला?" ते पहिल्यांदा हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "ती आई हाय. तोंडानं बोलली नसती. पर रोज येणी घालताना तिच्या मनात काय आलं असतं, सांगा की. मला शिव्या घालती, ते बरं हाय. मला सोसतंय. वैनीनं पोरीला पुढं करून हात ठेव म्हटलं, तवा तेवढं मातूर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"पण ती लग्न होऊन जाईल. तुमच्या पाया न पडता जाईल."

"जाऊ दे की. सुखानं जाईल."

मग ते उठले. चुलीवर भाकरी होत्या, त्यांनी ताट वाढलं.

"फौजदार म्हणून आला असाल तर लिवून घ्या," ते म्हणाले. "मी अंगठा देतो, सही देतो. माणूस म्हणून आला असाल तर जेवा आन् जावा. दिवस मावळायच्या आत. आमच्यात रातीचं जेवत न्हाईत."

मी जेवलो.

परत थांब्यावर आलो तर त्रिशला तिथंच बसली होती.

"भेटले का काका?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

बस आली. मी पायरीवर पाय ठेवला. "पत्रानं कळवतो," मी म्हणालो.

ते पत्र गेलं नाही. तिची एक ओळ रोज माझ्याशी वाद घालायची. "सोडला होता" असं लिहावं, तर ती पुढचा प्रश्न विचारणारच, आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तिचं नाव. "सोडला नव्हता" असं लिहावं, तर ज्या माणसाच्या घरी मी जेवलो त्याच्यावर माझ्या अक्षरात खून लिहिल्यासारखं होतं. न लिहिणं हाच शहाणपणा, असं मी स्वतःला पटवलं. पटलं का? कधी पटायचं, कधी नाही.

लग्नाला मी गेलो. नेमगोंडा मांडवाबाहेर पाण्याच्या पिंपाशी उभे होते, येणाऱ्यांना तांब्या भरून देत होते. नवरा-नवरी पाया पडत त्या बाजूला आली तेव्हा त्रिशला थांबली. तिनं नेमगोंडांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली. ती पुढे गेली.

ती निपाणीला सासरी गेली. वाचनालयात तिच्या नावाचं कार्ड बंद झालं. काही वर्षांनी रत्नाबाई गेल्या. मीही आता काठी घेऊन चालतो. लाड राहिले नाहीत.

गेल्या श्रावणात, पंचमी तोंडावर असताना, सकाळी दार वाजलं. नेमगोंडा उभे होते. हाडं तेवढी उरली होती. हातात कापडी पिशवी.

"वळखलं का साहेब?"

मी त्यांना आत घेतलं. खुर्चीवर बसायला ते तयार होईनात. शेवटी बसले आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"काल त्रिशलीचा फोन आला."

"तुम्हाला?"

"मळ्यातल्या गड्याकडं हाय फोन. त्येच्यावर. इतक्या वर्सांत पयल्यांदा." त्यांनी ओठ ओले केले. "तिची पोरगी नऊ वर्साची झाली. पंचमीला झोका मागतीया. हिनं म्हणे पोरीला मारलं. कधी हात न उगारणारी. मग मला फोन लावला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काका, ती दोरी अजून ठेवलीया का? बास, एवढंच. रडत न्हवती. मी काय बोलणार? मी गपच. तिनं ठेवून दिला." ते पुढे झुकले. त्यांचा आवाज बारीक झाला. "साहेब, तुमी सांगितलंसा?"

"नाही. शपथेवर."

"मग तिला दोरीचं कसं म्हाईत?"

मी उत्तर देणार होतो, इतक्यात मला चिंचेचं झाड दिसलं. दारात आई उभी असताना ती मला आधी परसात घेऊन गेली होती. मी काही विचारायच्या आधी तिनं वर बोट दाखवलं होतं. दादा, बाबा, मीच बांधला, ती बघा अजून आहे. आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली होती. लग्नाच्या मांडवात बघितलं तशीच.

"नेमगोंडा," मी म्हणालो, "तिला ते तेव्हाही माहीत होतं."

"तवा म्हंजे?"

"मला बोलावलं तेव्हा. त्याच्याही आधी. कदाचित तुम्ही कंदील उचललात त्याच संध्याकाळी. ती तुमच्याबद्दल विचारत नव्हती हो. तुम्ही कंदील सोडला नसता, तर ती सुटणार होती. तेवढंच ती विचारत होती."

त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली. कंदील होता. गाठ तशीच होती, फक्त तिचे कान झिजून बारीक झाले होते.

"म्हंजे मी एवढं झाकलं," ते म्हणाले, "आन् ती आत एकटीच बसली."

मी शब्दकोश काढला. दोन्ही कार्डं पिवळी पडली होती. माझ्या कार्डावर तिच्या माहेरचा पत्ता होता.

"कार्ड नगं," नेमगोंडा म्हणाले. "पाकीट घ्या. पोस्टमन वाचतोय."

मी कागद घेतला. ते समोर बसून सांगू लागले, "लिवा, तुझा दोष न्हाई."

"दोष नाही म्हटलं की तो शब्द आलाच."

"मग?"

"तिनं जे विचारलंय तेवढंच लिहू."

मी लिहिलं, आणि त्यांना वाचून दाखवलं.

"चि. त्रिशला, तुझं पत्र मिळालं होतं. कंदील सोडला होता. चिंधी तोंडाला लागली होती आणि ज्योत जळत होती. दोरी खालून तोकडी झाली होती, ते वरून कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं. दोरी अजून आहे. तू बांधलेली गाठही आहे. काकांनी ती त्याच संध्याकाळी ओळखली आणि तेव्हापासून सोडलेली नाही. तुला हे आधीच ठाऊक होतं, ते मला आज कळलं. मला उशीर झाला."

"अजून एक लिवा," नेमगोंडा म्हणाले. "पोरीला झोका मी बांधतो म्हणावं. फांदी बघून ठेव म्हणावं, मजबूत. बाकीचं मी बघतो."

ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं. निपाणीचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता, घराच्या नंबरासकट. मी कधी विचारलं नाही की कसा.

पोस्टाची पेटी वाचनालयाच्या कोपऱ्यावर आहे. आम्ही दोघं म्हातारे हळूहळू तिथवर गेलो. त्यांच्या एका हातात पिशवी होती. मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं, पण त्यांनी मान हलवली.

"तुमाला आल्यालं पत्र. तुमीच टाका."

मी टाकलं. पाकीट आत पडल्याचा बारीक आवाज आला.

"गेलं?"

"गेलं."

त्यांनी पेटीच्या तोंडातून आत डोकावून पाहिलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बाजाराच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "साहेब, हितं चांगली दोरी कुठं मिळंल?"